थंडीची सुट्टी घेऊन नेरूळला

नवी मुंबई बघायची तर जानेवारीत बघावी. मे महिन्यात तिथं सगळेच जातात आणि परत येऊन ‘काय ते उकडतं’ एवढंच सांगतात. मी जानेवारीत गेले, तेही चांगली लांबलचक सुट्टी घेऊन. आणि माझ्या नि माझ्या लेकीखेरीज त्या अख्ख्या शहरात कोणालाही सुट्टी नव्हती.

आम्ही किन्नौरला राहतो, हिमाचलच्या वरच्या अंगाला. नवरा सतलजवरच्या एका वीजप्रकल्पात आहे. मी तिथल्या शाळेत गणित शिकवते आणि नववीची वर्गशिक्षिका आहे. लेक तारा त्याच शाळेत, आठवी संपवून यंदा माझ्याच वर्गात आलेली. मूळची मी साताऱ्याकडची, पण वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात आले तेव्हापासून नेरूळची. माझी थोरली बहीण, आशाताई, आजही नेरूळलाच राहते.

आमच्याकडे डिसेंबरात नळातलं पाणी गोठतं, तेव्हा शाळा वार्षिक परीक्षा उरकून बंद होते ती फेब्रुवारीतच उघडते. उन्हाळ्यात आम्ही शिकतो. मे महिन्यात, नेरूळची मुलं आंबे चोखत लोळत असतात तेव्हा, मी फळ्यावर प्रमेय लिहीत असते. दिवाळीला आमच्याकडे जेमतेम चार दिवस. ताईकडे दिवाळीची सुट्टी असते तेव्हा आमची सहामाही संपून अभ्यासाला जोर आलेला असतो. त्यामुळे ताईची मनू आणि माझी तारा यांच्या सुट्ट्यांनी गेल्या कित्येक वर्षांत एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही.

आणि या दोघी कोण, तर एका ताटात जेवलेल्या. मनू वर्षाने मोठी. तारा सात वर्षांची होईपर्यंत आम्ही ताईच्या शेजारच्याच सोसायटीत होतो, आणि तारा घरी फक्त झोपायला यायची. आमची बदली झाली तरी दर रविवारी फोन चालू होता. तो जूनपासून बंद पडला. नोव्हेंबरात एकदा आम्ही शेगडीपाशी राजमा निवडत बसलो होतो, तेव्हा तारा मान वर न करता म्हणाली, “आई, मनूला मी आता आवडत नाही का?”

मी राजम्याचं सूप खाली ठेवलं आणि त्याच संध्याकाळी तिकिटं काढली. दोन आठवड्यांच्या मुक्कामात या दोघींना एक अख्खा दिवस मिळवून द्यायचा, ज्यात दोघींनाही दुसरं काही काम नसेल, एवढंच मी ठरवलं होतं. मागणं फार मोठं नव्हतं. पण ते कोणत्या घरात मागायचं होतं, ते मला तिथं पोचल्यावर कळलं.

नेरूळ

दार उघडलं तेव्हा ताईने आधी ओठांवर बोट ठेवलं आणि मग मला मिठी मारली. घरात कोणी गेलं की काय, अशी शांतता. टीव्हीवर चादर टाकलेली, सोफ्यावर अपेक्षित प्रश्नसंचांचे गठ्ठे. स्वयंपाकघरात कुकरला शिट्टी होऊ नये म्हणून भावोजी गॅसपाशी पहारा देत उभे.

“ताई, काय झालंय?”

“अगं, दहावी,” ती कुजबुजली.

मी कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं बाहेर राहून मी हेच विसरले होते. मराठी घरात दहावी मुलाची नसते, घराची असते. त्या वर्षी लग्नाला जायचं नाही, केबल ठेवायची नाही, पाहुणे बोलवायचे नाहीत. आणि जानेवारी म्हणजे प्रिलिमचा महिना! आमच्याकडेही दहावीला बोर्ड असतं, पण कोणी टीव्हीवर चादर टाकत नाही.

“मग फोनवर सांगायचंस ना, येऊ नका म्हणून!”

“असं कसं सांगू? माहेरवाशीण तू.” ताई गेली वीस वर्षं सोसायटीच्या मीटिंगमध्ये बिल्डरशी भांडते आहे, पण सख्ख्या बहिणीला नको म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

मनू खोलीतून बाहेर आली. उंच झालेली, डोळ्यांखाली काळं. “हाय मावशी. हाय तारा,” म्हणाली. ताराने तिच्यासाठी पिशवीतून काढून हातात धरलेले चिलगोजे, आमच्याकडचा सुकामेवा, तसेच राहिले. “नंतर बघते हां,” असं म्हणून मनू आत गेली आणि दार लागलं. मला राग आला. मनूचा नव्हे, त्या दाराचा.

पुढचे दिवस तारा आणि मी शहर बघत हिंडलो, आणि शहर आम्हांला बघत राहिलं. नेरूळात जानेवारीत थंडी असते असं तिथल्या लोकांचं ठाम मत आहे. सकाळी वॉचमन काका कानटोपी आणि मफलर बांधून बसलेले, आणि तारा हाफ टीशर्टमध्ये घाम पुसत जिना उतरते आहे.

“काय गं बाळा, शाळा नाही?”

“सुट्टी आहे, काका. थंडीची.”

काकांनी तिच्या टीशर्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मॅडम, शाळा बुडवू नका पोरीची,” म्हणाले. आणि हे एकट्या काकांचं नाही. भाजीवाली, लिफ्टमधल्या आजी, पावभाजीच्या गाडीवरचा पोऱ्या, ज्याने त्याने तेच विचारलं. तिसऱ्या दिवसापासून तारा आपणहून सांगायला लागली, “मी आजारी नाही, मला सुट्टी आहे.”

तसं बघितलं तर त्या इमारतीत तरी सगळ्यांची सुट्टी कुठे एक आहे? ताईच्या मजल्यावर पाच दारं. एका घरातलं पोरगं सीबीएसईचं, त्याचं वर्ष एप्रिलात सुरू होतं. समोरची कॉन्व्हेंटात, तिला नाताळात दहा दिवस. कोपऱ्यातले कोकणातले, गणपतीत शाळा किती दिवस देते ते बघून त्यांनी शाळा निवडली. आणि नागपूरहून आलेल्या जोशीकाकू अजून हळहळतात, की त्यांच्याकडे उन्हामुळे शाळा जूनअखेरीस उघडायची आणि इथं पोरांना आधीच पिटाळतात. मजल्यावरची सगळी पोरं पॅसेजमध्ये एकदम खेळताना कोणी शेवटची कधी पाहिली, ते कोणालाच आठवेना.

एका सकाळी आम्ही खाडीकडे फ्लेमिंगो बघायला गेलो. पाणी ओसरलेलं, चिखलावर गुलाबी रेघ पसरलेली. माझ्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं. माझ्या सगळ्या नेरूळच्या वर्षांत मी हे पाहिलंच नव्हतं, कारण जानेवारीत मीही शाळेतच असायचे. ताराने जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, “मनूने दाखवलं असतं तर मजा आली असती.”

त्या दुपारी मी ताईला धारेवर धरलं. प्रिलिम शनिवारी संपत होती आणि आमचं परतीचं तिकीट मंगळवारचं होतं. “रविवार मला दे.”

“माझ्या हातात आहे का ते? रविवारी सरांचा क्लास असतो, दिवसभर. सर कोणालाच सोडत नाहीत.”

“पत्ता दे सरांचा.”

शिरवणे

नेरूळच्या रुंद रस्त्यावरून शिरवणे गावात वळलं की रिक्षावाला आपोआप हॉर्न वाजवायला लागतो. गल्ली एवढी अरुंद की दोन्ही बाजूंच्या चौथ्या मजल्यावरच्या बायका एकमेकींना वाटी देऊ शकतील. खाली देऊळ, मासळीच्या टोपल्या, मोबाइल दुरुस्ती, वर क्लास. एमआयडीसीतून सुटलेली माणसं डबे हलवत चालली होती. जिन्यात चपलांचा ढीग पडला होता, त्यावरून क्लास भरलेला आहे एवढं कळलं.

म्हात्रे सर गावातलेच, माझ्याहून तरुण, हाताला खडू आणि कानाला ब्लूटूथ. मी कोण ते सांगितलं आणि सरळ विषयाला हात घातला.

“मॅडम, टेन्शन नका घेऊ, पण संडे आमचा फुल डे आहे. दहावीला सुट्टी नसते.”

“एक दिवस, सर.”

“आज एकीला दिला की उद्या दहा पेरेंट्स जिन्यात. तुमी स्वतः टीचर आहात ना? मग तुमीच सांगा. आणि तुमच्याकडे आता सुट्टी चालू आहे म्हणता? कसली?”

“थंडीची. फेब्रुवारीपर्यंत.”

त्यांनी खडू खाली ठेवला. “दीड महिना? आणि मग पोर्शन कधी संपवता?”

“तुमची पोरं मे महिन्यात आंबे खात असतात ना सर, तेव्हा.”

मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत, पण खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, “बसा.” आणि मी बसले. बसले ती उठले नाही. सरांनी मला समरूप त्रिकोण या धड्यावर दोन खोचक प्रश्न विचारले, खरीच गणिताची आहे का ते बघायला. मी उत्तरं दिली आणि त्यांच्या फळ्यावरची आकृती बरोबर प्रमाणात नाही तेही सांगितलं. तुमच्या उन्हाळ्यात पोरी शाळेत येतात कशा, असं त्यांनी विचारलं. तुमच्या पावसात येतात तशाच, असं मी सांगितलं. शेवटी मुलं उठायची वेळ झाली, पुढची बॅच जिन्यात येऊन थांबली, तरी मी बसलेलीच.

“मॅडम, तुमी जाणार नाही का?”

“रविवार मिळाल्याशिवाय नाही.”

“बरं, घ्या!” सरांनी हात जोडले. “रविवारी सोडतो. पण सोमवारी पेपर पूर्ण लिहून आणायचा तिने.”

जिना उतरताना मला वाटलं, हत्तीवरून साखर वाटावी. घरी जाऊन ताईला सांगितलं तर ती थक्क. लगेच तिने खालच्या मजल्यावरच्या वैजयंतीला हाक मारली. वैजयंतीचं माहेर जवळचंच जासई गाव; ती आगरी, आवाज खणखणीत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल देऊन टाकला. “मंग रविवारी आमच्या घरा चला जासईला. पोपटी लावतंव. जानेवारीत आलाव तर तेवढी खाऊनच जा. मे महिन्यात कुठली आली शेंग?”

मी मनूच्या दारावर टकटक केली आणि बातमी दिली. तिने मान हलवली. मी ती होकारार्थी धरली.

जासई

रविवारी सकाळी मी उठून सगळ्यांसाठी घावनं केली. ताराने केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या, लहानपणी मनू घालून द्यायची तशा. वैजयंतीच्या भावाची गाडी खाली येऊन उभी राहिली. आणि मनू खोलीतून बाहेर आली ती पाठीवर दप्तर अडकवून.

“मी क्लासला चाललेय.”

“अगं, सरांनी सोडलंय आज!”

“माहितेय. पण मला जायचंय.”

माझा आवाज चढला. मी त्या माणसाच्या खुर्चीत किती वेळ बसले होते, वगैरे वगैरे मी सगळं सुनावलं. ताई ‘शेजारी ऐकतील’ म्हणून खिडक्या लावत सुटली. मनू भिंतीला टेकून उभी होती, आणि माझं संपल्यावर ती रडवेली होऊन बोलली. तिचं बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं.

“मावशी, दर मे महिन्यात मी म्हणायचे, मला तिकडे पाठवा. तुम्ही सगळे म्हणायचात, ताराची शाळा असते, तू एकटी बोअर होशील. मला कोणी विचारलं, मी बोअर होईन का म्हणून? मला चाललं असतं. आणि आता तुमची सुट्टी आहे, तर मी क्लास बुडवायचा? काल भूमितीच्या पेपरात माझे दोन प्रश्न राहिलेत. मला भीती वाटतेय. म्हणून फोन पण करत नाही मी. बोलायला लागले की थांबताच येत नाही मला, ताराशी.”

सुट्टी जुळली तरच भेटायचं, हे आम्हां मोठ्यांनी इतकं पक्कं धरून ठेवलं होतं, की मुलींना त्याखेरीज काही हवं असेल असं मनातच आलं नाही. मी ताराकडे पाहिलं. मला वाटलं, आता हिचे डोळे भरणार.

तारा मात्र चपला घालत होती. “मनू, मी पण येते. तुझ्या क्लासला.” तिच्या मराठीला आता पहाडी हेल आहे, त्यामुळे ते विनंतीसारखं वाटत नाही, हुकूम वाटतो. “मला छुट्टीच आहे ना. मी मागे बसेन. आवाज करणार नाही.”

“सर ओरडतील.”

“ओरडू दे.”

मनूने दप्तरातली एक वही काढून तिच्या हातात दिली. दोघी जिना उतरून गेल्या. “अगं, आणि पोपटी?” मी वरून ओरडले.

म्हणून जासईला मी आणि ताई, दोघीच गेलो. रस्त्यात कंटेनरच्या ट्रेलरची रांग संपता संपत नव्हती. यार्डात डबे एकावर एक रचलेले, आणि त्या भिंतीला लागूनच हिरवीगार वालाची वाडी. आधीच माहेरी पोचलेल्या वैजयंतीने गाडीत डोकावून पाहिलं.

“पोरी कुठं हायत?”

“क्लासला.”

“दोगी? तुमची तर सुट्टीवर हाय ना?”

“एकीची सुट्टी, एकीची शाळा. एकत्र गेल्या.”

“बरा झाला,” वैजयंती म्हणाली. “इथं आल्या असत्या तर आपल्याच गप्पा आयकल्या असत्या. चला, पाला निवडाला लागा.”

पोपटी मी पहिल्यांदाच पाहिली. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्याचा वास ओव्याच्या जवळ जाणारा. त्यावर वालाच्या शेंगा, खडेमीठ, ओवा, मसाला लावलेली कोंबडी, बटाटे, अंडी, परत शेंगा. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. तोंडाशी पाला गच्च कोंबायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांची आग करायची. एरवी ही संध्याकाळची गोष्ट, पण आमच्यासाठी वैजयंतीने दुपारीच मांडली होती. शिजलं का ते बघायला तिने मडक्यावर पाण्याचा शिपका मारला, ते चर्र झालं तेव्हा वैजयंतीची आई आतून म्हणाली, “झाली गो.” ताई शेंग सोलत सोलत अचानक म्हणाली, “सुमे, मला पण वाटायचं गं मनूला पाठवावं. पण सुट्टी आपली, आणि पोरगी तिकडे कोणाच्या तरी शाळेच्या रगाड्यात, हे बरं दिसेना.” आम्ही दोघी खात राहिलो. इतकी चविष्ट शेंग मी उभ्या जन्मात खाल्ली नव्हती, आणि तरी ती गोड लागत नव्हती. वैजयंतीने न सांगताच मोठा स्टीलचा डबा भरून दिला.

येताना गाडी शिरवण्यात थांबवली. क्लास सुटत होता. चपलांच्या ढिगातून वाट काढत वर गेले, तर दाराशी सर.

“मॅडम, मी सुट्टी दिली होती, तर तुमी एकीच्या दोन पाठवल्यात.”

“त्रास दिला का?”

“पेपर लिहिला तिने पण. मराठीतून! स्पेलिंगच्या चुका लय. पण ती भूमितीची दोन गणितं तिनेच मनूला समजावली, आईने घरी शिकवलंय म्हणे.” मग त्यांना काहीतरी आठवलं. “आकृती प्रमाणात काढून.”

आत दोघी शेवटच्या बाकावर होत्या. एकच वही, दोन डोकी तिच्यावर. मनू मोठ्याने हसत होती, तोंडावर हात न ठेवता. आम्ही जिन्यातच डबा उघडला. बोटं काळी करून दोघींनी शेंगा सोलल्या, सरांनीही दोन अंडी घेतली, आणि ताराने खाता खाता किन्नौरच्या शाळेतल्या गमती सांगितल्या, अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत. सकाळी वर्गात शेगडी कशी पेटवतात, आमचे प्रिन्सिपल फाटकातून पालकालाही आत कसे सोडत नाहीत. मनू मध्येच खायची थांबली.

“मावशी, माझी बोर्ड मार्चमध्ये संपते. मग जूनपर्यंत मला काहीच नाही.” तिने हात कुर्त्याला पुसले. “ताराच्या वर्गात बाहेरच्यांना बसू देतात का?”

ताराने माझ्याकडे पाहिलं. तिला प्रिन्सिपल माहीत आहेत.

“देतात,” मी म्हणाले.

किन्नौर

परत येऊन आता महिना झाला. बर्फ अजून छपरांवर आहे, पण शाळा उघडली. पहिल्याच दिवशी प्रार्थनेच्या आधी मी प्रिन्सिपलच्या खोलीत गेले. त्यांनी सांगितलं की असा नियम नाही, बाहेरच्या राज्यातली मुलगी, बाहेरचं बोर्ड, वर्गात बसेल म्हणजे कशी बसेल. मी म्हटलं, मागच्या बाकावर बसेल. ते म्हणाले, देखेंगे. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, आणि त्यांच्या समोरची खुर्ची ओढून बसले. मी रोज जाते. ते रोज देखेंगे म्हणतात, पण आता चहा मागवतात.

नववीच्या वर्गात बसण्याची व्यवस्था मात्र वर्गशिक्षिकेच्या हातात असते. ताराच्या बाकावर तिच्या शेजारी मी कोणालाही बसवलेलं नाही.